खणातला पिवळा चेंडू

बर दुबईत, कापडबाजाराच्या मागच्या गल्लीत, एका दवाखान्याच्या पहिल्या मजल्यावर माझी फिजिओथेरपीची खोली होती. दोन पलंग, एक मोठा आरसा, धरून चालायला दोन समांतर दांडे आणि कोपऱ्यात एक लोखंडी टेबल. त्या टेबलाच्या खालच्या खणात चेंडू भरलेले असायचे. रबरी, स्पंजचे, टेनिसचे, आणि एक तर चक्क क्रिकेटचा. खण कधी नीट लागत नसे. हे चेंडू मी विकत घेतलेले नव्हते, पेशंटांच्या हातातून काढून घेतलेले होते.

अर्धांगवायूचा झटका येऊन गेलेला माणूस इस्पितळातून घरी आला की पहिल्या आठवड्यातच कुणीतरी त्याच्या हातात चेंडू ठेवतं. मेव्हणा ठेवतो, शेजारी ठेवतात, ऑफिसातले लोक फळांच्या पिशवीतून आणतात. "दाबत राहा, ताकद येईल." माणूस बिचारा दिवसभर दाबत बसतो. आणि त्या हाताला नेमकी तीच एक गोष्ट शिकवायची गरज नसते. झटक्यानंतर हात आधी लुळा पडतो आणि काही आठवड्यांनी आपणहून आवळायला लागतो. बोटं तळव्यात मिटतात, अंगठा आत जातो. मिटायचं त्याला पाठ असतं, उघडायचं तो विसरलेला असतो. आमची सगळी खटपट त्याला उघडायला शिकवण्याची. निदान आम्हाला कॉलेजात तसंच शिकवलं होतं, आणि मी ते कडक पाळायचे.

माझा स्वभाव मुळातच मास्तरणीचा. नवरा म्हणायचा, तू पेशंटशी बोलतेस तेव्हा मलाही ताठ बसावंसं वाटतं. नवीन पेशंट खोलीत आला की मी आधी त्याच्या हाताकडे बघायचे, आणि चेंडू दिसला की माझा हात पुढे करायचे. "ये खलास. आजसे बंद." काही जण हसत द्यायचे, काही जण तोंड पाडून. कुणी दिला, कुठून आला, हे मी कधीच विचारलं नाही. विचारायचं कारणही मला दिसत नव्हतं.

पिवळा चेंडू एका कापडवाल्या अंकलचा होता. सिंधी गृहस्थ, सत्तरीला आलेले, सगळी हयात त्याच बाजारात काढलेली. त्यांची उजवी बाजू गेली होती. सून त्यांना चाकाच्या खुर्चीतून घेऊन आली तेव्हा मोसंबीएवढा, स्पंजचा, पिवळाधमक चेंडू त्यांच्या मुठीत होता. मी हात पुढे केला. त्यांनी दिला नाही.

"बेटी, ये मेरे भाईने बंबईसे भेजा है."

"अंकल, भाईको मेरा थँक यू बोलो. बॉल मुझे दो."

त्यांनी मग डाव्या हाताने स्वतःचीच बोटं एकेक करून सोडवली आणि चेंडू माझ्या तळहातावर ठेवला. मी तो खणात टाकला आणि त्यांना पलंगावर कसं सरकायचं ते दाखवायला लागले.

त्यानंतर पंधरा दिवसांनी कराडहून बाबांचा फोन आला. आईला झटका आला होता. उजवी बाजू.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. त्या वर्षीची माझी रजा दोनच महिन्यांपूर्वी घेऊन झाली होती. आई मला सोडायला एसटी स्टँडवर आली होती आणि बस हलेपर्यंत खिडकीतून हातात चकल्यांची पिशवी कोंबत होती, त्याच उजव्या हाताने. दवाखान्यात फिजिओ मी एकटीच, माझ्या जागी उभं राहायला दुसरं कुणी नाही. तरी मालकांनी चार दिवस दिले. जाण्यायेण्यातच दीड दिवस गेला. उरलेले अडीच दिवस मी आईच्या उशाशी होते.

तिचा हात लुळा होता, भिजवलेल्या कणकेसारखा. उचलला की माझ्या हातातून घसरून चादरीवर पडायचा. जीभही जड झाली होती. मी तिची मुलगी होते, पण त्या अडीच दिवसांत मी तिच्याजवळ बसून रडले वगैरे नाही. कुशीवर कसं वळवायचं, खांदा ओढायचा नाही, हात उशीवर कसा ठेवायचा, सगळं बाबांना दाखवलं. एका कागदावर आठ आकृत्या काढल्या आणि प्रत्येकीखाली लिहिलं, सकाळी दहा वेळा, संध्याकाळी दहा वेळा. बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. कागदावर लिहिलेलं ते कधी मोडत नसत. त्यांनी तो कागद पलंगासमोरच्या भिंतीला चिकटपट्टीने लावला, तेव्हा माझा जीव थोडा खाली बसला.

निघताना मी आईचा उजवा हात हातात घेतला. पेशंटला काहीतरी ठरवून द्यावं, डोळ्यासमोर काही असलं की तो नेटाने करतो, हे मी दिवसभर लोकांना सांगायचे. तेच तिलाही लागू केलं. म्हटलं, "आई, मला याच हाताचं पत्र पाहिजे. किती का महिने लागेनात." तिने मान हलवली आणि तोंड वाकडं करून हसली. तिला तेव्हा सरळ हसता येत नव्हतं.

तिच्या पत्रांचं सांगायला हवं. माझं लग्न होऊन मी इकडे आले तेव्हापासून दर आठवड्याला तिचं निळं एरोग्राम यायचं. इथे टपाल घरी येत नाही. पत्र नवऱ्याच्या ऑफिसच्या पोस्ट बॉक्समध्ये यायचं आणि संध्याकाळी तो ते शर्टच्या खिशातून काढून चहाच्या कपाशेजारी ठेवायचा. सुरुवातीला मधोमध श्री, त्याच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन रेघा, खाली 'अनेक उत्तम आशीर्वाद'. पुढे सगळी खबरबात. अक्षर असं की आळीतल्या बायका आपली पत्रं तिच्याकडून लिहून घ्यायच्या. आम्ही फोनवर बोलायचो, नाही असं नाही. पण फोनवर आई घाईत असायची. पत्रात ती निवांत बसायची. कढीपत्त्याच्या झाडाला कीड कशी लागली यावर तिने एकदा पाऊण पान लिहिलं होतं. झटक्यानंतर पत्रं बंद झाली. बाबांचं एक कार्ड आलं, त्यात चार ओळी होत्या आणि त्याही सरकारी.

मी दर शुक्रवारी सकाळी फोन करायचे. इथे सुट्टीचा दिवस तो. बाबा घड्याळ लावून फोनशेजारी बसलेले असायचे.

"व्यायाम चालू आहे का?"

"एक दिवस चुकलेला नाही."

"आईला द्या."

आईचा आवाज दर आठवड्याला थोडा थोडा सुटत गेला. आधी नुसतं "बरी". मग "बरी आहे". दोन महिन्यांनी तिने सबंध वाक्य म्हटलं, "तू जेवलीस का." मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि पोटभर रडले. नवऱ्याने दारावर टकटक केली नाही. तेवढं त्याला कळायचं.

त्याच सुमारास आमच्या ओळखीतले एक जण साताऱ्याला निघाले. इथे राहणाऱ्यांना हे सांगायला नको. कुणीतरी जातंय ही बातमी लागली की सगळ्या ओळखीच्या घरांत लगबग सुरू होते. जाणारा म्हणतो, दोनच किलो, जास्त नको. आपण म्हणतो, छे छे, छोटंसंच आहे. मग घरी बसून ते छोटंसं तीन किलोंचं होतं. दुधाची भुकटी, बदाम, केशर, बाबांना दाढीचं क्रीम. आईसाठी मी दोन कानांचा एक चिनी मातीचा मग शोधून आणला होता. दोन्ही हातांनी धरला की लुळा हातही कामाला लागतो, आणि चहा सांडत नाही. तो मग तसा जाड होता, पण दुबई ते मुंबई ते सातारा ते कराड इतका प्रवास, माझा विश्वास नव्हता.

ते गृहस्थ दुपारी दवाखान्यातूनच पार्सल घेऊन जाणार होते. मी जेवणाच्या सुट्टीत लोखंडी टेबलावर खोका बांधत बसले. मगाभोवती वर्तमानपत्र गुंडाळलं, पण पोकळ पोटावर दाब आला तर तो फुटेल असं वाटलं. कागद संपला होता. पायाशी खण उघडाच होता. वरचाच पिवळा चेंडू उचलला, मगात कोंबला, अगदी फिट्ट बसला. खोका दोरीने बांधला. खालून गाडीचा हॉर्न वाजला आणि मी जिना उतरून तो देऊन आले.

पुढच्या शुक्रवारी बाबा म्हणाले, "सामान व्यवस्थित पोचलं. काही फुटलं नाही."

"आई वापरते ना?"

"रोज. हातातून ठेवत नाही."

मला बरं वाटलं. दोन्ही हातांनी मग धरून चहा पिणारी आई मी डोळ्यासमोर आणली आणि तो आठवडा मी त्याच चित्रावर काढला.

त्यानंतर बाबांचा आवाजच बदलला. "व्यायाम जोरात आहे," ते म्हणायचे. "सकाळी दोनशे, संध्याकाळी दोनशे." मी हसायचे. मला वाटायचं, आठ आकृत्यांचे दहा-दहाचे दोन फेरे झाले तरी दोनशे होत नाहीत, बाबा उत्साहात फुगवून सांगत असतील. आई मागून म्हणायची, "तिला आत्ताच सांगू नका. ती आल्यावर बघेल." माझ्या खोलीत नातेवाईक असं काही म्हणाला असता तर मी त्याला तिथल्या तिथे म्हटलं असतं, दोनशे काय, करून दाखवा. फोनवर मी ते म्हटलं नाही. आई खूश होती, बाबा खूश होते, आणि त्यांना खूश ऐकायची मला इतकी भूक लागली होती की मी पुढे काही विचारलंच नाही.

इकडे कापडवाल्या अंकलचा हात सुधारत होता. हट्टी माणूस, पण मेहनती. टेबलावर तळहात पसरून त्यावर भार द्यायचा, मनगट सैल सोडायचं, अंगठा बाहेर आणायचा, हे त्यांनी महिनोन्महिने केलं. मी त्यांना दुकानातून एक वार रेशमी कापड आणायला सांगितलं होतं. ते टेबलावर पसरायचं आणि उजव्या तळव्याने त्याच्या सुरकुत्या काढायच्या, हा त्यांचा व्यायाम. एके दिवशी त्यांची चारही बोटं कापडावर सपाट पडली. तळवा पूर्ण उघडा. ते स्वतःच्या हाताकडे बघत राहिले, मग म्हणाले, "चालीस साल यही किया, बेटी. लोगोंको कपडा खोलके दिखाया."

मी त्यांच्या हातावर हात ठेवला होता. तो तळवा कोमट होता, म्हाताऱ्या माणसाचा असतो तसा थोडा खरबरीत. आणि मला एकाएकी इतकी आईची आठवण आली की मला तिथून उठावं लागलं. परक्या माणसांचे हात मी सकाळपासून संध्याकाळपर्यंत हातात घेत होते. पठाणी ड्रायव्हरचा, केरळी सुपरवायझरचा, एका अमिराती आजीचा, जिच्या बोटांवर मेंदी होती. सगळ्यांचे हात मी उघडत होते. माझ्या आईचा हात समुद्रापलीकडे होता आणि तो दर शुक्रवारी बाबांच्या शब्दांत माझ्यापर्यंत यायचा. एखादा हात छान उघडला की आधी आनंद व्हायचा आणि लगेच मागून ही कळ यायची. आईचाही असाच उघडत असेल, असं मी स्वतःला सांगायचे. संध्याकाळी घरी जाताना खाडीच्या काठाने जायचे आणि अब्रा, म्हणजे माणसं नेणाऱ्या लाकडी होड्या, पलीकडे जाताना बघत उभी राहायचे. पाच मिनिटांत लोक त्या तीरावर पोचायचे. त्यांचा मला हेवा वाटायचा.

वर्ष भरलं. मला तीन आठवड्यांची रजा मिळाली. बॅगेत मी आईसाठी एक जाड पेन आणि कोऱ्या एरोग्रामचा गठ्ठा घेतला. नवरा म्हणाला, "अगं, एरोग्राम तिकडे मिळतात." मी म्हटलं, "असू दे. इन्शाल्ला लागतील."

कराडला पोचले तेव्हा सकाळचे नऊ वाजले असतील. आई ओटीवर खुर्चीत बसली होती, वेणी घातलेली, धुवट साडी, माझी वाट बघत. चेहरा बराच सरळ झाला होता. मी वाकून तिच्या गळ्यात पडले. तिने डाव्या हाताने माझी पाठ थोपटली. बाबा शेजारी उभे होते, बक्षीससमारंभाला उभे राहावं तसे.

"दाखव तिला," ते आईला म्हणाले.

आईने पदराखालून उजवा हात बाहेर काढला. मुठीत पिवळा चेंडू होता. तिने तो दाबला. एकदा, दोनदा, तीनदा. ओठ दाबून, माझ्याकडे बघत. "बघ," ती म्हणाली. "किती ताकद आली."

मी तो हात घेतला. वर्षभर ज्याची वाट पाहिली तो हात. मनगट आत वळलेलं, कोपर छातीशी. मी चेंडू काढायला गेले तर निघेना. बोटं इतकी आवळली होती की एकेक बोट सोडवताना ती कळवळली. अंगठा तळव्यात रुतला होता, आणि आत नखांच्या चार खुणा होत्या, त्यातली एक ओली.

माझं डोकं फिरलं. आयुष्यभर माझ्या तोंडाने माझं नुकसान केलं आहे, त्या दिवशी सगळ्यांत जास्त. "हा कुठल्या शहाण्याने दिला हिच्या हातात?" मी बाबांवर ओरडले. "भिंतीवर कागद लावून ठेवलाय ना? त्यात कुठे चेंडू दिसला तुम्हाला? हाताची पार वाट लावलीत तुम्ही." शेजारचं कुणीतरी दारात डोकावलं आणि परत गेलं.

बाबा आत गेले आणि कपाटातून तो मग घेऊन आले. त्याच्याभोवती अजून दुबईचं वर्तमानपत्र होतं. एकदाही वापरलेला नव्हता.

"तूच," ते म्हणाले. "तूच पाठवलास. नीट पोचावा म्हणून मगात घालून."

मला काही क्षण समजलंच नाही. मग खण आठवला, कागद संपला होता ते आठवलं, खालचा हॉर्न आठवला. आणि त्या दोघांनी खोका कसा उघडला असेल ते दिसलं. मुलगी याच कामातली. मुलगी दुबईला. तिने मगाच्या पोटात जपून एक चेंडू पाठवलेला. त्यांनी आणखी काय समजायचं होतं? मी आयुष्यात पहिल्यांदाच विचारलं होतं की चेंडू कुणी दिला, आणि उत्तर माझंच निघालं.

आईचा चेहरा उतरला होता. ती एकदा माझ्याकडे, एकदा बाबांकडे बघत होती. तिची काहीतरी चूक झाली आहे आणि ती काय हे तिला कळत नव्हतं.

तेव्हा मी खोटं बोलले. म्हटलं, "हो, मीच पाठवला होता. तेव्हा हात लुळा होता ना, तेव्हा ठीक होतं. आता पुढचा व्यायाम सुरू करायचा. माझ्याच लक्षात राहिलं नाही सांगायचं." बाबांनी मान डोलावली. त्यांना पटलं. मी त्यांची माफी मागितली आणि ते म्हणाले, "प्रवासाने दमली आहेस, आधी अंघोळ कर." तो चेंडू मगाची नुसती भरणी होता, हे मी त्या दोघांना कधीच सांगितलं नाही.

तीन आठवडे मी दुसरं काही केलं नाही. सकाळी कोमट पाण्याचं पातेलं, त्यात आईचा हात. आधी खांदा सैल, मग कोपर, मग मनगट, बोटं सगळ्यात शेवटी. घाई केली की मूठ आणखी आवळते, त्यामुळे मला घाई करता येत नव्हती, आणि दिवस तर मोजून एकवीस. पाचव्या दिवशी नखं कापता आली. दहाव्या दिवशी तळवा आतून पुसता आला. पंधराव्या दिवशी तिचा हात टेबलावर ठेवून मी वरून माझा हात ठेवला, तर बोटं अर्धी सरळ झाली आणि तशीच राहिली. त्यापुढे ती गेली नाहीत. पेन धरणं तर दूरच. मी तिला शिकवलं, हा हात कामात ठेवायचा. भाजी चिरताना ताट याने दाबून धर, वर्तमानपत्र वाचताना पान याने धर. तो टेबलावर असू दे, पदराखाली नको.

खरं सांगायचं तर चेंडू नसता तरी तिचा हात मिटलाच असता की काय, मला माहीत नाही. आमच्या दवाखान्यातले डॉक्टर नंतर म्हणाले, झटका मोठा होता, स्वतःला दोष देऊ नकोस. असेल. पण मी वर्षभर तिथे असते तर मला कळलं असतं, एवढं नक्की.

एका दुपारी हात शेकता शेकता मी तिला विचारलं, "दुखत होतं ना? मग का दाबत बसायचीस?"

"दुखायचं," आई म्हणाली. "पण तू पत्र मागितलं होतंस."

ती पुढे म्हणाली, "आणि तुझ्याकडून आलेला होता. तुझी आठवण आली की दाबायचे. मग दोनशे कधी व्हायचे कळायचं नाही."

मी शेकायचं फडकं पिळत राहिले. मला तिच्याकडे बघवेना.

निघायच्या दिवशी तिनेच चेंडू माझ्या पर्सवर आणून ठेवला. काठी टेकत, ओटीपासून खोलीपर्यंत एकटी चालत. "हा घेऊन जा," ती म्हणाली. "इथे राहिला तर हात परत तिकडेच जाईल." मला तो ठेवून जावंसं वाटत होतं. नुसता जवळ ठेव, दाबू नकोस, असं सांगावंसं वाटत होतं. पण ती पेशंट म्हणून शहाणपणाने वागत होती आणि मी फिजिओ होते. मी तो घेतला. जाड पेन आणि एरोग्राम मात्र मी तिच्या उशाशीच ठेवून आले. परत आणायला मन झालं नाही.

दुबईत पहिल्या दिवशी कामावर गेले. अंकल एका हातात काठी घेऊन चालत आले. मी त्यांच्यासमोर पिवळा चेंडू धरला.

"ये आपका है. दबाना नहीं, अंकल. बस पास रखो."

त्यांनी तो ओळखला. डाव्या हाताने घेतला, उजव्या तळव्यावर ठेवला, आणि तळवा उघडा ठेवून त्यावर तो तोलून दाखवला. "भाई पिछले महिने गुजर गया," ते म्हणाले. चेंडू त्यांनी सदऱ्याच्या खिशात टाकला. खिसा फुगला, तरी काढला नाही. त्या दिवसापासून मी आधी विचारायला लागले, बॉल किसने दिया. ऐकून घ्यायचे, आणि मगच हात पुढे करायचे.

आता आम्ही दुबईतच, अल बर्शा भागात राहतो. तेव्हा तिथे नुसती वाळू होती.

त्या परतीनंतर दोनेक महिन्यांनी एका संध्याकाळी नवऱ्याने खिशातून निळं एरोग्राम काढलं आणि चहाच्या कपाशेजारी ठेवलं. पत्त्याचं अक्षर पहिलीतल्या पोराचं असावं तसं, वेडंवाकडं, उतरत गेलेलं. ओळखू येत नव्हतं. मी ते फोडलं. आत वरच्या बाजूला चार बोटं जागा कोरी होती, आणि खाली मोठ्या मोठ्या अक्षरांत मोजक्याच ओळी.

"अनेक उत्तम आशीर्वाद. हे डाव्या हाताने लिहिले आहे. कागद उजव्या हाताने धरला आहे. श्री डाव्या हाताने लिहिणे बरे वाटेना म्हणून वर जागा सोडली आहे. तो हात सुधारला की तेवढे लिहीन. चालेल ना?"

कागदाच्या उजव्या कडेला तेलकट डाग होता, तीन बोटांचा. मी त्यावर माझी बोटं ठेवून किती वेळ बसले होते मला आठवत नाही. चहा गार झाला होता एवढं आठवतं.

त्यानंतर आई चार वर्षं होती. मी नेऊन दिलेली एरोग्राम तिने तिकडची तिकिटं लावून सगळी वापरली. डाव्या हाताचं अक्षर हळूहळू बरं होत गेलं, शेवटच्या वर्षी तर पुन्हा पाऊण-पाऊण पान यायला लागलं. ती पत्रं माझ्या कपाटात एका डब्यात आहेत. एकूण एकतीस. प्रत्येकात वर चार बोटं जागा मोकळी आहे.